सांध्यांच्या इंजेक्शनाआधी क्षयाचा शोध कशासाठी?

बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करायचं ठरतं, तोवर आमवाताच्या रुग्णाने बरंच सोसलेलं असतं. सकाळी तास-दीड तास बोटं वळत नाहीत, लाटणं धरवत नाही, चहाचा कप दोन्ही हातांनी उचलावा लागतो. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, जोडीला लेफ्लुनोमाइड किंवा सल्फासॅलझिन, अधूनमधून स्टिरॉइड, एवढं करूनही मनगटाची सूज हटत नाही. मग संधिवाततज्ज्ञ महागड्या इंजेक्शनाचा विषय काढतात, घरात पैशांची जुळवाजुळव सुरू होते, आणि नेमक्या त्या वेळी डॉक्टर सांध्यांचं सोडून छातीचं विचारू लागतात. एक्स-रे काढून या. हातावर मॉन्टू टेस्ट करा, नाहीतर रक्ताची इग्रा. घरात कधी कुणाला टीबी झाला होता का? काही दिवसांनी रिपोर्ट हातात पडतो: पॉझिटिव्ह. खोकला नाही, ताप नाही, वजन घटलेलं नाही, एक्स-रे स्वच्छ, आणि तरी टीबीचं नाव.

हा रिपोर्ट पाहून हादरणारे असतात, आणि ‘मला काही होत नाही ना, मग कशाला गोळ्या’ म्हणत तो बाजूला ठेवणारेही असतात. हादरलेल्यांना एवढं सांगायला हवं की हा क्षयरोग नव्हे, क्षयाच्या जंतूचा सुप्त संसर्ग आहे. तो तुमच्यापासून घरातल्या कुणाला लागत नाही, आणि त्यामुळे इंजेक्शनाची वाटही बंद होत नाही. रिपोर्ट बाजूला ठेवणाऱ्यांना सांगायचं ते जास्त गंभीर आहे. जो संसर्ग कदाचित आयुष्यभर गप्प राहिला असता, तो हे इंजेक्शन काही आठवड्यांत जिवावर आणू शकतं. आधी शोधून आवरला तर बहुतेकदा हे टळतं, आणि ते करायची खरी वेळ पहिल्या इंजेक्शनाच्या आधीची असते.

असं का व्हावं, हे कळायला टीएनएफ या रेणूकडे पाहावं लागतं. त्याचं पूर्ण नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग संस्थेत लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये उंदरांतल्या कर्कगाठी मारणारा पदार्थ म्हणून त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. पुढे त्याचं मोठं काम वेगळंच निघालं. शरीरात कुठे दाह सुरू झाला की प्रतिकारपेशी हा रेणू सोडतात, आणि तो इतर पेशींना जागं करून कामाला लावतो. आमवातात शरीराचा हल्ला स्वतःच्याच सांध्यांवर होतो, आणि हा रेणू तिथे वर्षानुवर्षं स्रवत राहतो. लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या गटाने दाखवून दिलं की सांध्यातला हा एक रेणू अडवला, की दाहाचे इतर रेणूही उतरणीला लागतात. १९९२ मध्ये चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलात पहिल्या २० रुग्णांवर टीएनएफ अडवणाऱ्या प्रतिपिंडाची चाचणी झाली. हेच पुढे इन्फ्लिक्सिमॅब म्हणून बाजारात आलेलं बायोलॉजिक औषध. एटानरसेप्ट आणि अ‍ॅडालिमुमॅब त्याच वाटेने आली. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली माणसं या औषधांनी उठून चालू लागली, आणि आमवाताच्या उपचारात त्याआधीचा आणि त्यानंतरचा असे दोन काळ पडले. हे मी मुद्दाम आधी सांगतो आहे. पुढचा सगळा मजकूर वाचून कुणी या औषधांना घाबरून दूर पळू नये.

आता क्षयाच्या जंतूकडे येऊ. खोकणाऱ्या रुग्णाच्या श्वासातून तो दुसऱ्याच्या फुप्फुसात उतरतो. तिथे मॅक्रोफेज या पेशी त्याला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. तो त्यांच्याच पोटात वाढतो. मग आणखी मॅक्रोफेज, त्यांच्याभोवती लिम्फोसाइट असं कडं जमत जातं आणि एक बारीकशी गाठ बनते. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. आत जंतू कोंडलेला, अर्धवट उपाशी, जवळजवळ न वाढणारा. बहुतेक माणसांची गोष्ट इथेच संपते. संसर्ग झालेल्या शंभरांतल्या साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष क्षयरोग होतो, आणि त्यातही बराच धोका पहिल्या दोन वर्षांतला असतो.

या गाठीची भिंत एकदा बांधली आणि झालं, अशी नसते. कोकणात कुंपणाचा दगडी गडगा दर पावसाळ्यानंतर नव्याने रचावा लागतो, ढासळलेले दगड पुन्हा बसवावे लागतात, तशी या कड्यातल्या पेशींची भरती अखंड चालू असते. आणि नव्या पेशींना तिथे बोलावून एकत्र धरून ठेवण्याचं काम करतो तोच टीएनएफ. १९८९ मध्ये जिनिव्हातल्या संशोधकांनी बीसीजी जंतू टोचलेल्या उंदरांत टीएनएफ अडवून पाहिला. ग्रॅन्युलोमा नीट बनेनात आणि बनलेले विरू लागले. म्हणजे सांध्यांची झीज करणारा रेणू तोच फुप्फुसातला जंतू दाबून ठेवत होता. औषधाला या दोन कामांत फरक करता येत नाही.

उंदरांत हे कळलं होतं, तरी माणसांत ते उमगायला बाजारात आलेल्या औषधाची काही वर्षं जावी लागली. इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत १९९८ मध्ये आतड्याच्या क्रोन्स आजारासाठी आणि १९९९ मध्ये आमवातासाठी परवानगी मिळाली. सुरुवातीच्या चाचण्या मुख्यतः युरोप-अमेरिकेत, क्षय विरळ असलेल्या लोकांत झाल्या होत्या. मग हे औषध घेणाऱ्यांना क्षय झाल्याची एकेक नोंद अमेरिकेच्या औषध नियंत्रकांकडे येऊ लागली. ऑक्टोबर २००१ मध्ये जोसेफ कीन आणि सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा ७० रुग्णांची माहिती मांडली. तिच्यातले तपशील आजही अस्वस्थ करतात. औषध सुरू केल्यापासून क्षय दिसेपर्यंतचा मध्यक काळ होता अवघे १२ आठवडे. ७० पैकी ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी डोसांनंतरच आजार झाला होता. ४० जणांचा क्षय फुप्फुसाबाहेरचा, आणि १७ जणांचा तर अंगभर पसरलेला. ७० पैकी ६४ नोंदी क्षय कमी असलेल्या देशांतून आलेल्या होत्या.

इतक्या झटपट उमटलेला आजार नव्या संसर्गाचा असणं अवघड. जुनाच जंतू मोकळा झाला होता. आणि तसं असेल, तर औषधाआधी त्याला शोधून आवरता यायला हवं. स्पेनने हे सर्वांत आधी पद्धतशीर करून दाखवलं. तिथे बायोलॉजिक घेणाऱ्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जात होती. २००२ मध्ये सक्तीच्या सुरात शिफारशी निघाल्या: प्रत्येकाची तपासणी, आणि सुप्त संसर्ग आढळला तर आधी प्रतिबंधक गोळ्या. त्यानंतर तिथल्या रुग्णांतलं क्षयाचं प्रमाण ७८ टक्क्यांनी उतरलं. आज जगभर कुठेही बायोलॉजिकआधी एक्स-रे आणि टीबीची तपासणी सांगितली जाते, तिच्यामागे हा अनुभव आहे.

भारतात या प्रश्नाचा आकारच वेगळा आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्याकडचा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या लोकांपैकी सुमारे ३१ टक्के जणांत या जंतूच्या संसर्गाची खूण सापडली. भरलेली लोकल, चाळीतली खोली, वर्ग, दवाखान्यातली रांग, कुठेही तो मिळू शकतो, आणि कधी मिळाला हे कुणालाच आठवत नाही. म्हणून आपल्याकडे पॉझिटिव्ह रिपोर्टाची लाज वाटण्याचं कारणच नाही. तरी वाटते. लग्नाच्या मुलीचा रिपोर्ट असेल तर आई-वडील तो फाइलमध्येही लावत नाहीत. घरातला जुना इतिहास विचारला तर ‘छे, टीबी वगैरे कुणाला नाही’ असं ठासून उत्तर येतं. पण ‘आजोबांना कधी शिवडीच्या दवाखान्यात ठेवलं होतं का’, असं क्षयाच्या त्या रुग्णालयाचं नाव घेऊन विचारलं की मुंबईतल्या एखाद्या घरातून हळूच ‘हो’ येतं. ही माहिती डॉक्टरांना तपासणीइतकीच उपयोगाची असते. परदेशी गेलेल्या मराठी माणसालाही हा प्रश्न चुकत नाही. ब्रिटनच्या बायोलॉजिक नोंदवहीत गौरेतर रुग्णांत क्षयाचा धोका सुमारे सहापट दिसला, आणि तिथले डॉक्टर जन्म कुठल्या देशातला, हे आवर्जून विचारतात.

तपासणी म्हणजे नेमकं काय होतं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. मॉन्टू टेस्टमध्ये कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला, बारीक सुईने क्षयजंतूच्या प्रथिनांचं थोडंसं द्रावण कातडीच्या थरातच सोडतात. तिथे लगेच पांढुरका फुगवटा येतो आणि थोड्या वेळात विरतो. खरी खूण ४८ ते ७२ तासांनी पाहायची. लाली मोजत नाहीत. बोटाला लागणारा कडकपणा मोजतात. अनुभवी तंत्रज्ञ बॉलपेनाची रेघ बाहेरून आत ओढत आणतो; कडकपणाच्या काठाशी पेन अडतं. दोन्ही बाजूंनी अशा रेघा ओढल्या की मधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं. इतरांत १० मिलिमीटरला जो अर्थ, तो प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणाऱ्यांत ५ मिलिमीटरलाच धरतात. म्हणून रुग्णाने घरीच ‘फारसं काही उठलं नाही’ असं ठरवून तिसऱ्या दिवशी दाखवायला न जाणं हा त्या सुईचा अपमान आहे. मॉन्टूची अडचण अशी की लहानपणच्या बीसीजी लशीनेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि बराच काळ स्टिरॉइड घेणाऱ्यांत संसर्ग असूनही निगेटिव्ह येऊ शकते.

इग्रा तपासणीत रक्त चार लहान नळ्यांत घेतात. करड्या बुचाच्या नळीत काहीच नसतं, हिरव्या आणि पिवळ्या बुचांच्या नळ्यांत क्षयजंतूची निवडक प्रथिनं असतात, आणि जांभळ्या बुचाच्या नळीत पेशींना हमखास डिवचणारा पदार्थ, जो मुळात राजम्याच्या दाण्यात सापडतो. नळ्या हलवून ३७ अंशांवर १६ ते २४ तास ठेवतात. रक्तातल्या पेशींनी पूर्वी या जंतूला तोंड दिलेलं असेल तर त्या इंटरफेरॉन गॅमा सोडतात, आणि ते मोजलं जातं. वापरलेली प्रथिनं बीसीजीच्या जंतूत नसल्यामुळे लशीचा घोटाळा इथे होत नाही. जांभळ्या नळीलाही पेशींनी उत्तर दिलं नाही तर रिपोर्टवर ‘इंडिटरमिनेट’ असं लिहून येतं. म्हणजे तपासणीला निकाल लावता आला नाही. त्याला निगेटिव्ह समजून पुढे जाऊ नये. जास्त स्टिरॉइड चालू असताना हे घडतं. म्हणूनच शक्य असेल तर ही तपासणी आजार बळावून स्टिरॉइड चढवण्याआधीच उरकलेली बरी. इग्राला खासगी प्रयोगशाळेत काही हजार रुपये लागतात, आणि मॉन्टू त्या मानाने खूप स्वस्त. दोन्हींचा मेळ घालणारी एक नवी सुई पुण्यातच तयार होते: सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी. टोचायची मॉन्टूसारखीच, पण आतली प्रथिनं इग्राच्या वळणाची, त्यामुळे बीसीजीने फसत नाही. भारतात तिला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ती गावोगावच्या केंद्रांत सहज मिळू लागली, तर तालुक्याच्या रुग्णाला इग्रासाठी शहर गाठावं लागणार नाही. मला ती मोठी गोष्ट वाटते.

यातली कुठलीही तपासणी जंतू झोपलेला आहे की जागा, हे सांगत नाही. ते ठरतं लक्षणांवरून, एक्स-रेवरून, गरज पडल्यास सीटी स्कॅन आणि थुंकीच्या तपासणीवरून. ही पायरी गाळणं धोक्याचं. प्रत्यक्ष क्षयरोगाला चार औषधं लागतात. तिथे सुप्त संसर्ग समजून एकच औषध दिलं तर जंतू त्याला दाद देईनासा होतो. आणखी एक गोष्ट अनेक रुग्णांना कुणी सांगतच नाही: प्रतिबंधक उपचार नीट पूर्ण केल्यावरही मॉन्टू किंवा इग्रा पॉझिटिव्हच राहू शकते. सहा महिने गोळ्या घेऊन पुन्हा तपासणी करायची, पुन्हा पॉझिटिव्ह आलं म्हणून खचायचं, हे दुःख निव्वळ माहिती न मिळाल्याचं आहे. एकदा पॉझिटिव्ह आलेली तपासणी बरं झाल्याची खात्री करायला पुन्हा करायची नसते.

उपचार तसा साधा आहे. आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत टीएनएफ अडवणारी औषधं घेणाऱ्यांचा उल्लेख स्पष्ट आहे, आणि सरकारी केंद्रांत औषध मोफत मिळतं. एक पर्याय आयसोनियाझिडची रोजची गोळी सहा महिने, दुसरा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे एकूण १२ डोस. आयसोनियाझिड हे १९५२ पासून वापरात असलेलं स्वस्त औषध. ते रोग होण्याआधीच उपयोगी पडतं, हे अलास्कातल्या बेथेल भागात जॉर्ज कॉमस्टॉक यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या प्रयोगातून ठळकपणे पुढे आलं, आणि तिथल्या लोकांना द्यायचं ते औषध त्यांनी स्वतः आणि त्यांच्या कुटुंबानेही घेतलं होतं. सांध्यांच्या रुग्णाने मात्र दोन गोष्टी सांभाळायच्या. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड यकृतावर आधीच ताण देतात, त्यात आयसोनियाझिडची भर पडते. म्हणून यकृताची रक्ततपासणी ठरल्या वेळी करायची, दारू पूर्ण बंद ठेवायची, आणि अन्नावरची वासना उडाली, उलट्या झाल्या, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून ब-६ जीवनसत्त्व सोबत असतं. ते ‘नुसतं व्हिटॅमिन’ म्हणून सोडायचं नाही. रिफापेंटिनच्या वाटेने गेलात तर लघवी केशरी होते, त्याने घाबरायचं कारण नाही. पण रिफापेंटिन आणि त्याच गटातलं रिफाम्पिसिन इतर औषधं यकृतात भराभर संपवतात. स्टिरॉइडचा असर उतरतो आणि टोफासिटिनिबचा तर फारच घटतो.

टोफासिटिनिबचं नाव आलंच आहे, तर थोडं थांबू. ही आमवाताचीच गोळी आहे, इंजेक्शन नव्हे, आणि भारतात आता तिच्या स्वस्त आवृत्त्या मिळतात. म्हणूनच ती तपासणीशिवाय सुरू होण्याचा धोका अधिक. तिच्या आधीही क्षयाचा शोध तितकाच आवश्यक आहे.

बायोलॉजिक कधी सुरू करायचं? प्रचलित पद्धतीत प्रतिबंधक गोळ्यांचा निदान एक महिना झाल्यावर. पूर्ण कोर्स संपेपर्यंत थांबण्याची सक्ती नसते. हा एक महिना सांधे दुखत असताना फार लांब वाटतो, हे खरं. काहींना त्यात स्टिरॉइडचा थोडा आधार द्यावा लागतो. प्रत्यक्ष क्षयरोग निघाला, तर मात्र आधी त्याचा उपचार. सगळी बायोलॉजिक औषधंही एका माळेचे मणी नाहीत. २०१० मध्ये आलेल्या ब्रिटिश नोंदवहीच्या आकड्यांत दर एक लाख रुग्ण-वर्षांमागे अ‍ॅडालिमुमॅब घेणाऱ्यांत क्षयाचं प्रमाण १४४, इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत १३६, आणि एटानरसेप्ट घेणाऱ्यांत ३९ होतं. रिटुक्सिमॅब टीएनएफला हात लावत नाही. त्याने क्षयाचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. अ‍ॅबाटासेप्टचा धोकाही कमी मानतात. पॉझिटिव्ह रिपोर्ट आलेल्या रुग्णाने ‘माझ्यासाठी हेच औषध का’ असं डॉक्टरांना विचारावं, त्यात वावगं काही नाही.

निगेटिव्ह रिपोर्ट आलेल्यांनीही निर्धास्त होऊ नये, आणि हे आपल्या देशात विशेष खरं आहे. तपासणीच्या हातून काही संसर्ग निसटतात, आणि इंजेक्शन सुरू असताना नवा संसर्गही मिळू शकतो. आयसोनियाझिड घेतलं म्हणजेही पूर्ण अभय नाही. देशव्यापी पाहणीत नव्या क्षयरुग्णांपैकी सुमारे ११ टक्के जणांतला जंतू आयसोनियाझिडला दाद न देणारा आढळला होता. दरवर्षी पुन्हा तपासणी करावी का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. माझ्या मते प्रत्येक भेटीत ताप, वजन, खोकला आणि गाठींची विचारपूस हा त्याहून भरवशाचा मार्ग आहे. या औषधांवरचा क्षय नेहमीसारखा खोकत येत नाही. कधी मानेतली गाठ, कधी पोटातलं पाणी, कधी मणक्याचं दुखणं, कधी नुसता संध्याकाळचा बारीक ताप. पाठ दुखली तरी रुग्ण त्याला संधिवातच समजतो.

गल्लीतल्या डॉक्टरांकडे तापासाठी जाताना आपण कुठलं इंजेक्शन घेतो, ते नाव आणि शेवटची तारीख चिठ्ठीवर लिहून न्यावी. ती माहिती नसेल तर लेव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक दिलं जाण्याची शक्यता असते, आणि हे औषध क्षयजंतूलाही थोडं दाबतं. ताप आठवडाभर उतरतो आणि निदान महिनाभर पुढे जातं. निदान पक्कं झालं की बायोलॉजिक थांबवतात आणि क्षयाचा पूर्ण उपचार सुरू होतो. यात कधीकधी एक चकवा असतो: औषधं बरोबर चालू असूनही गाठी वाढतात, ताप परततो, कारण थांबवलेल्या इंजेक्शनाचा असर ओसरून प्रतिकारशक्ती एकदम जोरात परतते. याचा अर्थ उपचार फसला असा नेहमीच नसतो, म्हणून गोळ्या स्वतःहून सोडायच्या नाहीत. त्यासाठी काही काळ स्टिरॉइड द्यावं लागतं. क्षयाचा कोर्स पूर्ण झाल्यावर सांध्यांसाठी पुन्हा बायोलॉजिक सुरू करता येतं, आणि तेव्हा संधिवाततज्ज्ञ बहुधा टीएनएफ न अडवणारं औषध निवडतात.